एक पाकळी मोठी

गुलाबराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हतं. खरं नाव दुकानाच्या पाटीवरसुद्धा नव्हतं. पाटीवर नुसता एक लालभडक गुलाब रंगवलेला होता आणि त्यावरून गल्लीनं त्यांना गुलाबराव करून टाकलं होतं. गल्लीनं एकदा नाव पाडलं की माणूस कितीही आपटला तरी ते सुटत नाही. गंमत अशी, की खऱ्या गुलाबाशी या गृहस्थांचं कधी जमलंच नाही. कुंडीत लावलेलं रोप त्यांच्या हातून आठवडाभरात मान टाकायचं. बायको म्हणायची, "तुम्ही नुसतं बघू नका त्याच्याकडे, तेवढीच त्याच्यावर कृपा होईल."

त्यांचे गुलाब कापडाचे. घराची पुढची खोली म्हणजे दुकान आणि कारखाना, दोन्ही. भिंतीवर खिळ्यांना पाकळ्यांचे पोलादी साचे टांगलेले, कोपऱ्यात लाकडाचा ओंडका, त्यावर हातोडी, तारेची भेंडोळी, देठाला गुंडाळायची हिरवी कागदी पट्टी. आणि टेबलाच्या मधोमध एक मेणबत्ती. कापडाची घडी घालून वर साचा ठेवायचा, हातोडीचा एकच ठोका द्यायचा की पाकळ्यांची चवड सुटून यायची. मग एकेका पाकळीची कड मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवायची. जरा जास्त वेळ धरली तर पाकळी आक्रसते, कमी धरली तर कडेचे दोरे सुटतात. गुलाबराव हे काम बायकोशी वाद घालता घालता करायचे आणि बोट कधी भाजायचं नाही. ज्योतीवर कड जराशी वितळायची, गार झाली की टणक व्हायची आणि फूल वर्षानुवर्षं तसंच राहायचं. सगळी करामत त्या कडेत होती.

लग्नांना ते फुलांच्या कमानी भाड्यानं द्यायचे. लग्न पार पडलं की कमान परत यायची, फुलं टबात साबणाच्या पाण्यात पडायची आणि मग मागच्या दारी दोरीवर, लेंगे-टॉवेलांच्या शेजारी वाळत लटकायची. "या गुलाबानं इतकी लग्नं पाहिलीत," ते गिऱ्हाइकाला सांगायचे, "की स्थळ कसं आहे ते यालाच विचारावं." गिऱ्हाईक हसायचं आणि भाड्यात घासाघीस करायला विसरायचं.

त्यांना एकुलती एक मुलगी. सात वर्षांची असताना तिनं एका जुन्या पावतीच्या पाठीवर फूल काढून आणलं. निळं, आत पिवळं, सहा पाकळ्यांचं. अशा जातीचं फूल जगात कुठं असेल असं वाटत नाही. सहावी पाकळी काढताना पेन्सिल घसरली होती, म्हणून ती इतर पाचांपेक्षा मोठी झाली होती. "बाबा, माझ्या लग्नात या फुलांची कमान करायची," असं फर्मान सोडून बाईसाहेब खेळायला निघून गेल्या आणि संध्याकाळपर्यंत सगळं विसरूनही गेल्या.

बाप विसरला नाही. त्यानं लोहाराकडून त्या फुलाचा साचा करून घेतला, मोठ्या पाकळीसकट. लोहार म्हणाला, "ही एक चुकलीय, सारखी करून देतो." गुलाबराव म्हणाले, "हात लावू नकोस तिला." तेव्हापासून लग्नांचा हंगाम सरला, काम थंडावलं की पोर झोपल्यावर ते ती निळी फुलं करायला बसायचे. दर वर्षी थोडी. उत्तम साटीन, कडा अशा फिरवलेल्या की भिंगातून पाहिलं तरी दोरा दिसू नये. झालेली फुलं पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत जायची आणि पेटीला कुलूप. वर्षातून एकदा, पोर घरी नसताना, ती सगळी बाहेर काढून धुवायची, वाळवायची, परत ठेवायची. किती लोकांनी ती दोरीवर पाहून भाड्यानं मागितली! गुलाबरावांनी पेटी दाखवलीसुद्धा नाही. मुलगी वीस वर्षांची झाली, पंचवीसची झाली, पेटी भरली, झाकण दाबून बसवायची वेळ आली. आयुष्यात त्यांना स्वतःसाठी काही हवं होतं असं नाही. ही एक कमान मात्र हवी होती.

आणि मुलगी शिकून लागली कुठे, तर पालिकेच्या कचरा विभागात. शाळाशाळांतून फिरायचं, मुलांना प्लॅस्टिक कुठं जातं ते दाखवायचं, माशाच्या पोटातून निघालेल्या पिशव्यांची चित्रं भिंतीवर पाडायची, असं तिचं काम. कामात ती चोख होती, हे सांगायलाच नको. बापाच्या धंद्याविषयी तिनं कधी चकार शब्द काढला नाही. जेवताना विषय निघालाच तर पाण्याचा तांब्या उचलून आत जायची. घरात सगळ्यांना सगळं कळत होतं आणि सगळे मूग गिळून बसले होते.

लग्न ठरलं. मुलगा चांगला होता, कमी बोलणारा, कामाला लाकडी घरं बांधणाऱ्या कंपनीत. त्याची थोरली बहीण मात्र दोघांच्या वाटचं बोलायची. लग्नाची सगळी आखणी तिनं अंगावर घेतली होती, म्हणून तिला आपण नणंदबाईच म्हणू. नणंदबाईंची दृष्टी फार सुरेख. लग्न देखणं व्हायला हवं आणि मागे कचऱ्याचा एक डबासुद्धा उरता कामा नये, असा त्यांचा पण. निमंत्रणाच्या कागदात फुलझाडांचं बी घातलेलं, म्हणजे वाचून झालं की मातीत पुरायचं. पाहुणे आपापल्या गाड्यांनी नाही, एकाच बसनं येणार. खुर्च्या भाड्याच्या नाहीत, सगळ्यांच्या घरून मागून आणलेल्या, एकीसारखी दुसरी नाही.

"आमच्या लग्नातही अशाच होत्या," गुलाबरावांची बायको हळूच म्हणाली. "तेव्हा त्याला अडचण म्हणायचे."

लग्नाची जागा म्हणजे शहराबाहेरच्या एका नर्सरीतलं काचघर. तिथं झाडं, वेली, फुलं आधीच होती, सजावटीला काही तोडायला नको, काही आणायला नको. कल्पना झकास होती. गुलाबराव सोडून सगळ्यांना ती आवडली.

ते सगळं ठरवायला नणंदबाई घरी आल्या तेव्हा बैठक दुकानातच बसली, कारण पाहुण्यांना बसवायला घरात दुसरी जागा नव्हती. भोवती पोत्यांतून गुलाब डोकावत होते. फोनवरची चित्रं दाखवता दाखवता नणंदबाई म्हणाल्या, "एक गोष्ट मात्र पक्की, काका. प्लॅस्टिकचं काहीही नाही. फुगे नाहीत, चमकी नाही, खोटी फुलं नाहीत." आणि मग आपण कुठं बसलोय ते ध्यानात येऊन त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे, तुमच्या कामाबद्दल नाही हो…"

"नाही, नाही," गुलाबराव घाईघाईनं म्हणाले. पाहुणीला अवघडल्यासारखं होऊ नये ही त्यांना पहिली काळजी. मग त्यांनी घसा खाकरला. जे वाक्य त्यांनी कैक दिवस मनात घोळवलं होतं ते शेवटी बाहेर आलं. "ताई, कापडी असतील तर? एक कमान. फक्त एकच."

"कापडी?" नणंदबाईंचा चेहरा खुलला. "कापडी चालतील की! छानच दिसतील. कापडाचं काय, मातीत मिसळून जातं."

गुलाबराव जागेवरून पुढे सरकले. पेटीचं कुलूप, निळा ढीग, कमानीखाली उभी असलेली पोर, सगळं त्यांना एका दमात दिसलं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती कपातल्या चहाकडे बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते.

आता इथं गप्प बसायचं, एवढंच काम होतं. जगात किती लोक गप्प बसून सुखात राहतात. पण मेणबत्ती समोरच होती. लाखभर पाकळ्या तिच्यावरून फिरवलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. सुती कापड ज्योतीवर धरलं की जळतं, त्याची राख होते. त्यांची फुलं जळत नव्हती, वितळत होती. त्याच जोरावर त्यांनी संसार केला होता. उद्या कुणी चौकस पाहुण्यानं पाकळी चुरगाळून पाहिली, तर हसं पोरीचं होणार होतं. शाळेतली मुलं म्हणाली असती, बाई आम्हाला सांगतात आणि स्वतःच्या लग्नात?

"नाही ताई," ते म्हणाले. "वितळतं ते कापड. म्हणजे प्लॅस्टिकच झालं."

नणंदबाई फोन बाजूला ठेवून मायेनं म्हणाल्या, "काका, खरं सांगू का? मला एवढं काही वाटलं नसतं. आमच्याकडे तर सगळं चालतं. ही अट हिची आहे. पहिल्या भेटीतच सांगून टाकलं होतं हिनं."

गुलाबराव इतके दिवस मनातल्या मनात नणंदबाईंना नावं ठेवत होते. एक शत्रू होता, म्हणून बरं चाललं होतं. तोही गेला. आता राग धरायचा कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ. पोरीवर रागवावं तर ती खरं तेच बोलत होती, आणि खरं बोलायला तिला शिकवलं कुणी, तर यांनीच.

बायको मात्र हरणाऱ्यातली नव्हती. पाहुणी गेल्यावर तिनं कपाटातून जुन्या सुती चादरी काढून त्यांच्यासमोर टाकल्या. "वितळत नाहीत या," ती म्हणाली. "करा काय करायचं ते."

सुती कापडाची फुलं त्यांनी पोरवयात, वडिलांच्या हाताखाली केली होती, त्यानंतर नाही. चादरी निळीत बुडवल्या, मधल्या भागासाठी कांद्याच्या सालींच्या पाण्यात पिवळ्या केल्या. साचा तोच, मोठ्या पाकळीचा. कडा ज्योतीवर फिरवता येईनात, म्हणून पिठाची दाट खळ करून त्यात कापड भिजवलं, कडक वाळवलं, मग ठोकलं. हातांना ओळख राहिली नव्हती. पाकळ्या चिकटायच्या, फाटायच्या, दोरे सुटायचे. या वयात धंदा पहिल्यापासून शिकायचा म्हणजे नाकी नऊ येतात, आणि तेही आपल्याच धंद्यात. मुलगी कामावरून यायची, उंबऱ्यात थांबून बघायची. एकदा म्हणाली, "बाबा, राहू द्या ना. तिथं झाडं आहेतच की." ते म्हणाले, "आहेत ना. असू देत." आणि त्यांनी हातोडीचा पुढचा ठोका दिला.

फुलं झाली. पेटीतल्यांच्या पासंगालाही पुरत नव्हती, हे त्यांचं त्यांना कळत होतं. पण निळी होती, सहा पाकळ्यांची होती आणि एक पाकळी मोठी होती. दुधाची तहान ताकावर भागवायची, दुसरं काय. ते काचघरही एकदा पाहून आले. दुपारची वेळ होती, दारं सताड उघडी, आत स्वच्छ कोरडं ऊन पडलेलं. त्यांनी मापं घेतली आणि समाधानानं परत आले. नर्सरीवाल्या बाईंना त्यांनी कमानीची उंची विचारली, खांब कुठे रोवायचे ते विचारलं. झाडांना पाणी कधी देता, हे विचारायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही. ज्याच्या फुलांना जन्मात पाणी लागलं नाही, त्याच्या डोक्यात ते यायचं कसं?

लग्नाच्या सकाळी कमान उभी राहिली. काचेतून ऊन आलं, निळीचा रंग उजळला आणि नणंदबाई दारातच थबकल्या. "काका," त्या म्हणाल्या, "हे कुठं शिकलात?" पाहुणे बसमधून उतरून येत होते, फोन वर करून चित्रं काढत होते. गुलाबराव नवीन सदऱ्यात खांबाशेजारी उभे होते. बायकोनं त्यांच्याकडे पाहून भुवई उडवली, म्हणजे तिच्या भाषेत शाबासकी. मुलगी आली. साधे पांढरे कपडे, केस मोकळे. कमानीपाशी येऊन ती थांबली, मान वर करून तिनं एका फुलाकडे पाहिलं आणि बोटानं त्याची मोठी पाकळी अलगद मोजल्यासारखी धरली. तेवढ्यात लग्न लावणारे अधिकारी आले आणि तिला जावं लागलं.

अधिकारी बोलायला उभे राहिले, आणि छताच्या कडेनं गेलेल्या बारीक नळ्यांतून फुस्स असा आवाज आला. पांढरं धुकं खाली उतरू लागलं. पाहुण्यांनी "वाहवा" केली, त्यांना वाटलं हाही आखणीचाच भाग. गारवा पसरला. गुलाबरावांनी वर नळ्यांकडे पाहिलं, मग फुलांकडे.

ते वाकत वाकत काठाकाठानं नर्सरीवाल्या बाईंकडे गेले. "बाई, ते बंद करा. जरा वेळ."

"आता?" बाई कुजबुजल्या. "दारं बंद आहेत, एवढी माणसं आत आहेत, उकाडा वाढलाय. पाणी बंद केलं तर माझी नाजूक रोपं माना टाकतील हो. वर्षभराची मेहनत आहे."

आपल्या कुंडीतली रोपं गुलाबरावांच्या डोळ्यांपुढे आली. मान टाकणं म्हणजे काय ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. या बाईंची झाडं मारून आपली फुलं जगवायची, हे त्यांच्या तोंडून निघेना. ते परत खांबापाशी येऊन उभे राहिले.

खळ ओली झाली की मऊ पडते. हे त्यांच्या वडिलांनी पोरवयात सांगितलं होतं आणि आत्ता आठवून उपयोग नव्हता. प्रत्येक फुलाची मोठी पाकळी आधी वाकली, कारण वजन तिचं जास्त. मग बाकीच्या. अधिकारी सोबतीबद्दल, विश्वासाबद्दल छान बोलत होते, आणि गुलाबरावांच्या मुलीच्या डोक्यावर एकामागून एक फूल खाली मान घालत होतं. एक निळा थेंब तिच्या पांढऱ्या खांद्यावर पडला. मग दुसरा. गुलाबरावांचे हात आपोआप वर गेले आणि हवेतच राहिले. भर लग्नात कमानीत शिरून फुलं धरून उभं राहायचं का? किती धराल? दोनच हात. ते खाली घेतले आणि पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून ठेवले. आयुष्यात इतकं असहाय त्यांना कधी वाटलं नव्हतं.

सह्या झाल्या, टाळ्या झाल्या. नणंदबाई धावत आल्या, त्यांचे डोळे भरले होते. "काका, किती सुंदर! खऱ्या फुलांसारखी कोमेजणारी फुलं! लोक विचारतायत, हे कसं जमवलंत म्हणून." पाहुणे त्यांचा हात हातात घेऊन कौतुक करत होते. गुलाबराव "हो, हो" म्हणत होते. हसावं की रडावं ते कळत नसलं की माणूस "हो, हो" म्हणतो.

जेवणं उरकून निघायच्या वेळी मुलगी त्यांना शोधत आली. ते मागच्या बाजूला, रिकाम्या कुंड्यांच्या ढिगापाशी एकटेच बसले होते. ती शेजारच्या उपड्या कुंडीवर बसली. खांद्यावर निळे डाग तसेच होते.

"बाबा, पेटीतली कशी आहेत?"

त्यांनी चमकून पाहिलं. "तुला कुणी सांगितलं?"

"सहावीत होते तेव्हा किल्ली सापडली होती. बघून परत ठेवली." ती बोटांशी चाळा करत होती. "दर वर्षी बघायचे मी. तुम्ही बाजारात गेलात की."

"मग तरीही ती अट…" ते अडखळले. त्यांना तक्रार करायची नव्हती, नुसतं समजून घ्यायचं होतं.

"अट घातली त्या दिवशी पेटीच डोळ्यांसमोर होती, बाबा. मी रोज जे सांगत फिरते ते माझ्याच घरी आलं की सोडून द्यायचं, हे नाही जमलं. आणि तुम्हाला सांगणंही नाही जमलं." तिनं खांद्यावरचा डाग चोळला. "दोन्ही नाही जमलं."

गुलाबरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. रागवायला काही नव्हतं, समजावायलाही काही नव्हतं. तिच्या केसांत अडकलेला ओला दोरा काढत त्यांनी विचारलं, "मग आता काय करू गं त्यांचं? टाकून देऊ?"

"नका टाकू," ती चटकन म्हणाली. हे तिच्या कामातलं होतं. "टाकली तर शेकडो वर्षं तशीच राहतील मातीत."

"आणि ठेवली तर?"

शाळेत कुठल्याही पोराच्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर असायचं. आता बापाच्या नव्या सदऱ्यावर डोकं टेकून ती रडायला लागली. निळा डाग त्यांच्याही खांद्याला लागला. बाहेर बसचा भोंगा वाजला.

ती गेल्यावर नर्सरीवाल्या बाई कमानीवरची ओली फुलं उतरवून टोपलीत भरत होत्या. "सुतीच आहेत ना सगळी?" त्यांनी विचारलं. "मग खताच्या खड्ड्यात टाकते. पुढच्या हंगामापर्यंत नावही उरायचं नाही." तारा तेवढ्या त्यांनी वेगळ्या काढल्या. गुलाबराव मान हलवून निघाले.

दुसऱ्या दिवशी बायको मागच्या दारी आली तर टबात साबणाचा फेस होता, पेटी उघडी पडली होती आणि दोरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी फुलं टांगलेली होती. एकाचीही पाकळी वाकली नव्हती. गुलाबराव बाह्या वर सारून एकेक फूल बोटांनी हळू चोळत होते, दर वर्षी चोळायचे तसेच.

"अहो, लग्न झालं," ती जरा घाबरूनच म्हणाली. "आता कशाला धुताय?"

"आपण जाऊ, पोर म्हातारी होईल, तरी ही असणारच आहेत," ते टबातून मान वर न करता म्हणाले. "निदान स्वच्छ तरी असू देत."

ती पदर खोचून त्यांच्या शेजारी बसली आणि तिनं टबात हात घातला.